धाकट्याने ओढायचं दार

॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥

आंबेरणे, ता. मालवण
५ नोव्हेंबर २०२५, त्रिपुरी पौर्णिमा

दत्तू भावोजी, वहिनीचे आशीर्वाद.

आंतरदेशीय पत्र बघून हसला असाल. पण फोनवर आपलं बोलणं होतं ते काय? तुम्ही "बरी आसंस मा, वयनी?" विचारता, मी होय म्हणते, मागे ह्यांचा खोकला ऐकू आला की तुम्ही फोन ठेवून देता. त्यापेक्षा हे बरं. तीन पत्रं आणली आहेत. कडेपर्यंत लिहिणार, कोरी जागा मला बघवत नाही हे तुम्हांला माहीत आहे. आणि लिहायला बसलं की हाताला शाळेतलीच भाषा येते, तेव्हा वहिनी परकी झाली असं समजू नका.

देवळात दिवे लावून आत्ताच आले. मागणं एकच. सड्यावर तुमची अणुभट्टी होवो की न होवो, तुम्ही दोघे भाऊ एका पंगतीला बसलेले मला बघायचे आहेत. चतुर्थीला तुमचं पान मांडलं होतं. ह्यांनी पाहिलं, बोलले काही नाहीत. पण "काढ" असंही म्हणाले नाहीत. जेवण झाल्यावर त्या पानावरचा मोदक गाईला दिला, तोही स्वतःच्या हातानं.

सड्याच्या त्या कातळी जमिनीवर तुम्हां दोघांचं नाव आहे, तुमच्या वाटणीची सही तुमची, त्यात गैर नाही. मोजणीला संमती दिलीत, दिलीत. पण ती बातमी ह्यांना तलाठ्याकडून कळली, भावोजी. बावीस वर्षं हा माणूस आंब्याच्या कारखान्यात बॉयलरवर होता. तुम्ही शाळेतून डबा घेऊन जायचात आणि भिंतीवरच्या काट्याला बोट लावून विचारत राहायचात, ह्यो खंय जाता, तो खंय जाता. घरी येऊन हे मला सांगायचे, "आमचो दत्तू वाफेचो जावई होतलो." एवढं मोठं वाफेचं काम तुम्ही काढलंत आणि ह्यांना आधी येऊन दाखवलं नाहीत. ह्यांचा राग जमिनीवर कमी आणि ह्यावर जास्त, असं मला वाटतं. हे तसं कबूल करणार नाहीत. बाहेर म्हणतात, सडा गुरांचा आहे, द्यायचा नाही.

तुमच्या कंपनीची ती मुलगी, समीक्षा, गेल्या आठवड्यात बायकांची बैठक घ्यायला आली होती. बरी आहे पोर, पाणी मागून प्यायली. तिनं चित्र दाखवलं. लहान अणुभट्टी, तिची उष्णता एक वायू घेतो, तो ती पाण्याला देतो, आणि त्या पाण्याची वाफ नळानं खाली बंद पडलेल्या कारखान्यात, तो पुन्हा सुरू करायला. मी म्हटलं, म्हणजे पातोळ्यांसारखं, पाणी खाली आणि पातोळी वर, दोघांची गाठ नाही. ती म्हणाली, "हो काकी, फक्त मधे आणखी एक भांडं." तेवढं मला कळलं. कारखान्यानं आधी लाकूड जाळून जाळून डोंगर उघडे केले, मग तेल आलं आणि त्याचे भाव वाढले म्हणून तो बंद पडला, हेही मी विसरले नाही.

मग तिनं दुसरा कागद काढला. आपत्कालीन स्थलांतर आराखडा. काही झालंच तर गाव कसं रिकामं करायचं, बस कुठे उभ्या राहतील, माणसं कशी निघतील. ती वाचत होती आणि बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी एस्पेरांसा उठली. तुम्हांला माहीतच आहे ती.

"बाये, तू आमका गाव सोडूक शिकयतंस?"

समीक्षा म्हणाली, "म्हणजे?"

"अगो, दर चार वर्सांनी देवाचो कौल झालो की आमचो अख्खो गाव वेशीभायर जाता. गावपळण म्हणतत तेका. तीन दिवस गावात माणूस नाय, गोरू नाय, कोंबडो नाय. देव तुमचो म्हणान आमी क्रिस्तांव मागे रवत नाय, माजो आजोय गेलो, बापूसय गेलो."

"आजारी माणसांना कसं नेता?"

"खाटीसकट."

"आणि आधी कोण निघतं?"

"आधी माज्यो कोंबड्यो. घोव मागसून येता."

पोरीनं तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि आमच्यात बसून हसली.

जनसुनावणी १० डिसेंबरला शाळेत आहे, नोटीस भिंतीवर लागली. तुम्ही कंपनीच्या बाजूनं येणार असं ऐकते. त्याआधी एकदा घरी या. कागद नको, पिशवी नको. नुसते या.

ह्यांची तब्येत बरी आहे.

तुमची
वहिनी


॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥

आंबेरणे
२३ नोव्हेंबर २०२५

दत्तू भावोजी, आशीर्वाद.

तुम्ही आला नाहीत. पण समीक्षाच्या हाती तुमचं पत्र आलं, छापल्यासारखं स्वच्छ. त्यातलं एक वाक्य मला आवडलं नाही, ते पुढे लिहिते.

परवा देवदिवाळीला कौल झाला. तुम्ही ऐकलंच असेल, कारण तुम्हांला कोणीतरी फोन केला आणि म्हणून ते वाक्य तुम्ही लिहिलंत. गावपळण ९ डिसेंबरला निघायची, तीन रात्री बाहेर, १२ ला परत. सुनावणी १० ला. त्या दिवशी शाळेत कावळासुद्धा नसेल.

गावात दोन्ही बोलणी सुरू आहेत. काही म्हणतात, देवानंच भट्टीला नको म्हटलं. काही म्हणतात, कौल लावताना देवापुढे उभा कोण असतो? मानकरी. मानकरी कोण? दत्तूचा भाऊ. आणि तुम्हीही तेच लिहिलंत, "दादानं मुद्दाम हे दिवस मागून घेतले का?"

भावोजी, ते वाक्य मी ह्यांना वाचून दाखवलेलं नाही. पण ह्यांच्या कानावर बाहेरून तेच आलं. विहिरीवर पाय धूत होते. म्हणाले, "रवळनाथाच्या पुढ्यात मी खोटा बोलान? त्या पोराक तरी तसा वाटता काय?" मी म्हटलं, पोराला असं काही वाटत नाही. देव मला माफ करो.

आणि ह्यांचं तरी काय! जेवताना म्हणतात, "दत्ताक गावपळणीचा वर्स म्हायत होता. म्हणानच ह्या दिसांत सुनावणी घातली, कोण येवचो नाय म्हणान." दोघे सख्खे भाऊ, दोघांचं डोकं एकाच साच्यातलं. आता मी, दहावी पास बाई, सांगते ते ऐका. नोटीस लागली दिवाळी आटोपल्यावर. कौल झाला देवदिवाळीला. नोटीस काढताना कौलाची तारीख कोणाला ठाऊक नव्हती, आणि देवाचे दिवस ह्यांच्या मागण्यानं ठरत नाहीत, देवाला लावलेली पाकळी ज्या बाजूची पडायची ती पडते. तेव्हा ह्यात कोणाचाही डाव नाही. तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं असतं तर हा हिशेब मला मांडावा लागला नसता.

हेच मी एस्पेरांसाच्या अंगणात बसून बोलत होते. ती काजू निवडत होती. म्हणाली, "पण गो रुक्मिणी, देव भायर जावा म्हणता. तोंड बंद करा असा खंय म्हणता? सायबांका सांग, खोपींकडे येवा. बसाक चटय घालतलंव."

मला ते पटलं. वहाळापलीकडच्या माळावर सगळं गाव खोप्यांत असणार. शाळेत येणार नाही तो म्हाताराही तिथे असेल, बायका असतील. तुमच्या वरच्या साहेबांना सांगा, त्यांनी प्रांतांना विनंती करावी. जागा बदला, तारीख तीच ठेवा. देवाचं देवाकडे, सरकारचं सरकारकडे.

आणि आणखी एक. दाराचं काय?

दर गावपळणीला घरातला मोठा पुढे निघतो, मागे वळून बघत नाही, आणि धाकटा शेवटी बाहेर येऊन दार ओढून घेतो. मी लग्न होऊन आले त्या वर्षी तुम्ही कडेवर होता, म्हणून सासऱ्यांच्या मागून ह्यांनी ओढलं होतं. सासरे गेल्यावर तुमच्याकडे आलं. तुम्ही इतके लहान होता की कडीला हात पुरेना, तर ह्यांनी पाट ठेवून दिला होता उंबऱ्याशी. यंदा कोण ओढणार? बाईमाणसानं ओढायचं नसतं.

९ ला सकाळी ढोल वाजायच्या आत या.

वहिनी


॥ श्री ॥

आंबेरणे
३ डिसेंबर २०२५

दत्तू भावोजी, आशीर्वाद.

नवी नोटीस लागली. सुनावणी १० लाच, पण वहाळापलीकडे माळावर. तुम्ही बोललात आणि साहेबांनी ऐकलं, देव त्यांचं भलं करो. वाचून ह्यांनी नुसतं "हं" केलं. तसा "हं" मी खूप दिवसांनी ऐकला.

तुम्ही लिहिता, ९ ला येणं जमणार नाही, १० ला अधिकाऱ्यांबरोबरच येईन, "दादानं उंबरठ्यावरच उभं केलं तर गावासमोर त्याचीच शोभा होईल." भावोजी, तुम्हांला भीती तुमची आहे, ती ह्यांच्या नावावर टाकू नका. रागावून नाही लिहीत. नऊ वर्षांचे होतात तेव्हा ताप आला की माझ्याच मांडीवर डोकं ठेवायचात आणि म्हणायचात, "माका काय जावक नाय, वयनीचीच मांडी दुखता."

तयारी चालली आहे. पोहे, कुळथाचं पीठ, सुके बांगडे, चुलीचे तीन दगड. देवघरातली तसबीर बरोबर नेत नाही. ती इथे असते तेव्हाच घर राखलं जातं. एस्पेरांसानं कोंबड्यांसाठी नवं खुराडं करून घेतलं आहे, म्हणते सायेब येतत, कोंबड्योय नीट दिसाक व्हयो. तिच्या दोन्ही मुली गोव्यात मासळीच्या कारखान्यात आहेत. भट्टीच्या बाजूची का विरोधातली, असं तिला कोणी विचारलं तर म्हणते, "माजी चेडवां घराक येतली त्या बाजूची." ह्यांना हे ऐकून राग येत नाही. ह्यांच्या हाताखाली तीही आंबे सोलायला होती, कारखाना बंद पडला त्या दिवशी दोघंही भोंग्याखाली उभी राहून आली.

ह्यांचं सांगते. काल माळावर खोपी उभारायला गेले. दर वेळी आम्हां दोघांना पुरेल एवढीच बांधतात, ताडपत्री जास्त लागू नये म्हणून मीच मागे लागते. काल बघते तर एक मेढ जास्त पुरली आहे आणि खोपी एका माणसानं रुंद झाली आहे. मी विचारलं, हे कशाला?

"वारो लागता," म्हणाले.

रुंद खोपीत वारा कमी लागतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

हे तिसरं पत्र. ह्यापुढे पत्रं नाहीत. तब्येत बरी आहे असं लिहीत आले, ते अर्धंच खरं. ह्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन श्रावणात झालं, तुम्हांला कळवू नको म्हणाले. दिसतं आता. देवाची आणि त्या डॉक्टरांची कृपा.

वहिनी


॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥

आंबेरणे
१३ डिसेंबर २०२५

दत्तू भावोजी, अनेक आशीर्वाद.

पत्रं संपली होती, हे चौथं कुठून आलं ते शेवटी लिहिते.

सुनावणीला तुम्ही होतात, तरी मी पुन्हा लिहिते. तुम्ही टेबलापाशी मान खाली घालून बसला होता, तुम्हांला बरंच दिसलं नसेल.

९ ला ढोल वाजला. हे काठी घेऊन पुढे निघाले, मागे गाय, तिच्यामागे मी गाठोडं घेऊन. मी दारापाशी थांबले. ओढायला कोणी नव्हतं. शेजारचा भाई म्हणाला, मी ओढतो, चुलतभाऊच लागतो मी. ह्यांनी मागे न वळताच अंगणाच्या बेड्यापासून सांगितलं, "र्‍हवांदे. उघडा र्‍हवांदे." तसंच उघडं ठेवून आम्ही वेस ओलांडली.

दुसऱ्या दिवशी तुमच्या गाड्या आल्या. प्रांत चटईवर बसले, त्यांना एस्पेरांसानं कोकमाचं सरबत दिलं. तुम्ही उठून बोलायला लागलात, वाफ, कारखाना, मासळीसाठी बर्फ, काजू, किती जणांना काम. चांगलं बोललात. तेवढ्यात एस्पेरांसाच मागून ओरडली, "दत्ता, जगाक उजेड देतंस, तुज्या घराचा दार उघडा पडला हा रे! ओढूक कोण नाय म्हणान तुज्या दादान तसाच टाकल्यान!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. हातातला कागद तुम्ही उलटा धरला होता, तो समीक्षानं सुलटा करून दिला. ते मी पाहिलं.

मग हे उठले. मला वाटलं होतं, सडा देणार नाही म्हणतील आणि बसतील. म्हणाले, "माका एकच इचारूचा आसा. देव आमका तीन दिवसांसाठी भायर काढता. आमी जातंव, कारण परत बोलावतलो ह्याची खात्री आसा. तुमच्या भट्टीन आमका भायर काढल्यान, तर परत केव्हा बोलावतली?"

कंपनीच्या मोठ्या साहेबांनी माईक घेतला होता, तुम्ही तो त्यांच्या हातातून मागून घेतलात.

तुम्ही म्हणालात, "दादा, हिचं इंधन गोट्यांसारख्या गोळ्यांत बंद असतं. वीज गेली, माणसं निघून गेली, तरी ती आपोआप निवावी अशी तिची बांधणी आहे. म्हणून कुंपणाबाहेर कोणाला जावं लागू नये, असा आमचा हिशेब आहे. तो हिशेब मी स्वतः तपासलाय. पण तरीही बाहेर जावंच लागलं, तर तीन दिवसांत परत याल असं मी सांगणार नाही. देवासारखं वचन मला देता येत नाही. तसं कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

तुमचे साहेब टेबलाकडे बघत राहिले. बायकांत कोणीतरी म्हणालं, "ह्येची नोकरी गेली आता." आणि हे गुरांकडे निघून गेले. तुम्ही बघितलंत, ते गेले. तुम्हांला वाटलं, पाठ फिरवली. सगळं आटोपल्यावर तुम्ही खोपीशी आलात, माझ्या पायाला हात लावलात, आत डोकावून बघितलंत, आणि गाडीचा हॉर्न वाजला तसे गेलात. बांगड्याची चटणी केली होती, तीही खाल्ली नाहीत.

पुढचं तुम्हांला माहीत नाही.

मी गुरांकडे गेले. हे गाईच्या पाठीला पाठ लावून बसले होते आणि पंच्यानं डोळे पुसत होते. मी म्हटलं, ऑपरेशनचा डोळा आहे, चोळू नका. म्हणाले, "ऐकलंस? सायबाच्या हातातलो माईक घेतल्यान." मग थोड्या वेळानं, "खोटा नाय बोललो. एवढ्या लोकांत, पगार देतत त्यांच्यासमोर खोटा नाय बोललो." आणि मग, "तुझ्या हातचा जेवन वाढलो हा, आसतलोच तसो." हे वाक्य मी इथे लिहायला नको होतं, पण कोणाला सांगू?

सड्याचं अजून काही ठरलेलं नाही. गाव अर्धं इकडे अर्धं तिकडे. भाई म्हणतो, कोर्टात जाऊ. एस्पेरांसानं मुलींना फोन करून काय काय सांगितलं देव जाणे. ह्यांना विचारलं की म्हणतात, बघू. "नाही" म्हणत नाहीत.

काल परत आलो. घर उघडंच होतं. कशाला हात लागला नव्हता, ओसरीवर नुसती फणसाची पानं आली होती आणि देवघरापुढे मांजर झोपलं होतं. तीन दिवस देवानं उघडं घर राखलं. मी केरसुणी घेतली तर ह्यांनी माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः केर काढला. दाराच्या मागे तो जुना पाट होता, तुमच्या उंचीसाठीचा. तो पुसला, उन्हात ठेवला, संध्याकाळी पुन्हा जागेवर नेला. आता तुम्हांला पाटाची गरज नाही, हे मी ह्यांना सांगितलं नाही.

आज सकाळी रवळनाथाच्या तसबिरीला हार घालताना मागे हे आंतरदेशीय पत्र हाताला लागलं. कोरं. मी तीन आणली होती, तिन्ही तुम्हांला पोचली. घरात पोस्टात जाणारं दुसरं माणूस एकच आहे. म्हणजे ह्यांना पत्रांचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी पोस्टाची वेळ गाठायची म्हणून घाईनं भात लावायचे तेव्हा मुकाट्यानं तो अर्धकच्चा जेवत होते.

आत्ता मागे येऊन उभे राहिले आहेत. विचारतात, "त्येच्यात जागा आसा काय थोडी?"

माझ्याजवळ लिहायला अजून पुष्कळ होतं, भावोजी. पण खालची जागा सोडते.

तुमची
वहिनी


दत्तू,

सड्यावरसून कारखान्यापर्यंत पाइप लांब आसा. वाटेत वाफ थंड झाली तर पाणी साचतला आणि पाइप ठोके मारूक लागतलो. जुन्या बॉयलराक ता होयाच. तू त्येचा काय केलंस ता लिव. लिवक जमणा नसात तर शिमग्याक येवन सांग.

दादा